खटपटींचा तास : ट्रकचं पुढचं चाक डुगडुगतंय!

मुलांनो, रिमोटवर चालणाऱ्या ट्रकबद्दल लिहा, असा तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा हट्ट होता. पत्रं वेगवेगळी, पण प्रश्न जवळजवळ एकच. "ट्रक सरळ सोडला तरी वाकडा जातो. पुढची चाकं हलतात. एकदा भिंतीवर आपटला तर पुढचा पार्टच तुटला. दुकानात ॲल्युमिनिअमचे निळे चकचकीत पार्ट मिळतात. दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवलेत. सगळा सेट घेऊन टाकू का?"

घाई करू नका! ते पैसे तुम्ही वर्षभर जपलेत. ते डब्यातून बाहेर काढण्याआधी अर्धा तास ट्रकसमोर मांडी घालून बसा. आज आपण तेच करू या.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. रिमोटच्या गाड्या दोन जातींच्या असतात. एक खेळण्यांच्या दुकानातली. तिचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत, आणि बिघडली की ती कपाटावर जाऊन बसते. दुसरी छंदाची गाडी. तिचा प्रत्येक स्क्रू उघडतो आणि मोडलेला भाग सुटा विकत मिळतो. आजचा तास या दुसऱ्या जातीच्या ट्रकसाठी आहे. पण ज्यांच्याकडे असा ट्रक नाही, त्यांनी पान उलटू नका. आजची युक्ती सायकललाही लागू पडते आणि घरातल्या कुकरलाही!

चाकाला निरोप कसा पोचतो?

तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळला असालच. रांगेतला पहिला मुलगा दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटच्या मुलापर्यंत 'आंबा'चा 'तांब्या' झालेला असतो. ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये अगदी हाच खेळ चालतो.

तुम्ही रिमोटचं चाक फिरवता. तो इशारा ट्रकमधल्या रिसिव्हरला मिळतो. रिसिव्हर तो सर्वोला सांगतो. सर्वो म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. त्यात छोटी मोटर असते आणि दात्यांची चक्रं असतात. सांगितलं तेवढंच वळायचं आणि तिथेच घट्ट उभं राहायचं, हे त्याचं काम. सर्वोच्या डोक्यावर एक आखूड दांडी असते. ती एका सळईला ढकलते. सळई बेलक्रँक नावाच्या दोन तरफांना फिरवते. बेलक्रँक टाय रॉडला ओढतात. टाय रॉड नकलला ओढतो. ज्या तुकड्यावर चाक बसवलेलं असतं आणि जो किंगपिन नावाच्या खिळीभोवती फिरतो, तो नकल. नकल फिरला की चाक वळलं!

मोजा बरं, किती जणांच्या कानातून निरोप गेला? प्रत्येक सांध्यात भोक आणि खिळी यांच्यामध्ये केसाएवढी का होईना, मोकळी जागा असते. धूळ, वाळू आणि धक्के खाऊन ती वाढत जाते. एका सांध्यातली ढिलाई डोळ्यांना दिसत नाही, पण पाच-सहा सांध्यांची मिळून चाकाशी पोचते. मग तुम्ही सांगता 'सरळ' आणि चाक ऐकतं 'थोडंसं डावीकडे'!

आधी हलवून पाहा

ट्रक एखाद्या खोक्यावर असा ठेवा, की चारही चाकं अधांतरी राहतील. आधी रिमोट चालू करा, मग ट्रक. बंद करताना नेमकं उलट, आधी ट्रक आणि मग रिमोट. हा क्रम कायम लक्षात ठेवा, नाहीतर मालक नसलेला ट्रक आपल्या मनाने पळत सुटू शकतो. ट्रक चालू असताना पुढची चाकं हाताळायची आहेत, म्हणून मोटरची वायर आधी काढून ठेवायला मोठ्यांना सांगा.

आता सर्वो जागेवर घट्ट उभा आहे. पुढचं एक चाक हलक्या हाताने धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. जोर लावायचा नाही. सर्वो न फिरता चाक जेवढं हलतं, तेवढी तुमची ढिलाई. टायरच्या पुढच्या कडेशी पट्टी धरून किती मिलिमीटर ते वहीत लिहा.

थोडं गणित करू. किंगपिनपासून टाय रॉड जोडलेली जागा २ सेंटिमीटरवर आहे आणि टायरची पुढची कड ५ सेंटिमीटरवर, असं समजा. मग टाय रॉडच्या टोकाशी १ मिलिमीटर ढिलाई असेल, तर टायरच्या कडेशी ती अडीच मिलिमीटर दिसेल. म्हणजे मूळ दोष लहान असतो, तरफेमुळे तो मोठा होऊन समोर येतो. त्यामुळे चाक फार हलतंय म्हणून लगेच घाबरून जाऊ नका.

आता चोर पकडायचा. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. ज्या सांध्यात बोटाला 'टक्-टक्' लागेल, तिथे चोर आहे. सर्वोचा बूड हलतोय का? त्याचे दोन स्क्रूच सैल असतील. सळईच्या टोकाची वाटी तिच्या गोळीवर सैल बसली आहे का? बेलक्रँक वर-खाली डुलतोय का? चाक स्वतःच्या आसावर डुगडुगतंय का? सगळं लिहून काढा. रस्त्यावरच्या खऱ्या ट्रकचे मेकॅनिकही असंच करतात. पुढचा भाग जॅकवर उचलतात, चाकाला वर-खाली धरून हलवतात आणि किंगपिन झिजली आहे का, ते हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून ओळखतात.

स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर

यादी झाली? आता क्रमाने चला.

पहिलं काम फुकटचं आहे. कोरड्या जुन्या टूथब्रशने सांधे झाडा आणि सैल स्क्रू आवळा. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू जरुरीपेक्षा जास्त पिळलात तर आटे जातील. उघड्या सांध्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. त्याला वाळू चिकटते, आणि तेल-वाळूचं ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं सांधा घासत बसतं.

दुसरं काम थोड्या पैशांचं. सळयांच्या टोकांच्या प्लॅस्टिकच्या वाट्या झिजल्या असतील तर तेवढ्याच बदला. पुष्कळदा निम्मी ढिलाई इथेच निघून जाते.

तिसरं काम बेअरिंगचं. काही ट्रकांत बेलक्रँक आणि चाकं साध्या बुशवर फिरतात. बुश म्हणजे नुसती नळी. तिच्या जागी गोळ्यांचं बेअरिंग बसवलं की डुगडुग कमी होते आणि चाक हलकं फिरतं. बेअरिंगच्या पुडीवर '५×११×४' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आतलं भोक ५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ११ आणि जाडी ४. दुकानात जाताना जुना बुश बरोबर न्या, म्हणजे फसगत होणार नाही.

चौथं काम टाय रॉडचं. काही ट्रकांत तो एकसंध प्लॅस्टिकचा असतो. त्याऐवजी स्टीलचा टर्नबकल मिळतो. त्यात एक गंमत आहे. एका टोकाचे आटे नेहमीसारखे उजवे, तर दुसऱ्या टोकाचे डावे. त्यामुळे मधला भाग पान्याने एका दिशेला फिरवला की दोन्ही टोकं एकदम बाहेर सरकतात आणि दांडा लांब होतो. उलट फिरवला की आखूड. काही सोडायला नको, उचकटायला नको!

पाचवा नंबर सर्वोचा. त्याची ताकद 'किलो-सेंटिमीटर'मध्ये सांगतात. '६ किलो-सेंटिमीटर' म्हणजे १ सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाशी तो ६ किलो वजन तोलेल, आणि दांडी २ सेंटिमीटरची केली तर ३ किलो. चाकं मोठी आणि जड असतील, तर ताकदवान, धातूच्या दात्यांचा सर्वो खरंच उपयोगी पडतो. पण दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे सर्वोच्या डोक्यावरच्या खाचा कंपनीप्रमाणे २३, २४ किंवा २५ असतात, आणि दांडी त्याच मापाची लागते. दुसरी गोष्ट, मोठा सर्वो वीजही जास्त ओढतो. ट्रकमधली वीज तेवढी पुरवू शकली नाही तर रिसिव्हर क्षणभर बंद पडतो आणि ट्रक ऐकेनासा होतो. म्हणजे एका ठिकाणची कमजोरी घालवायला गेलो, तर ती दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसली!

हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या तासाचं सार त्यातच आहे.

मुद्दाम कच्चा ठेवलेला भाग

आता कुकरकडे या. झाकणावर शिटी असते. तिच्याशिवाय बऱ्याच कुकरांच्या झाकणावर आणखी एक छोटं बटणासारखं काहीतरी असतं. तो सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफेची नेहमीची वाट बंद झाली आणि आतली उष्णता, दाब भलताच वाढला, तर त्यातला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफ बाहेर पडते. व्हॉल्व्ह गेला, पण कुकर वाचला आणि स्वयंपाकघरातली माणसंही वाचली. कुणी म्हणालं, "सारखा व्हॉल्व्ह जातो, तिथे लोखंडी बोल्टच ठोकू या," तर आई काय म्हणेल? घरातल्या फ्यूजचंही तसंच. फ्यूजची तार बारीक असते, कारण तिने सगळ्यांच्या आधी वितळावं अशीच योजना असते.

ट्रकच्या स्टिअरिंगमध्येही असा एक भाग असतो. त्याचं नाव सर्वो सेव्हर. काही ट्रकांत तो सर्वोच्या दांडीतच असतो, तर काहींत बेलक्रँकमध्ये. त्यात एक स्प्रिंग असते. चाक दगडावर आपटलं की धक्का टाय रॉडमधून उलटा सर्वोकडे धावत येतो. त्या क्षणी स्प्रिंग दबते, धक्का गिळते आणि सर्वोचे दाते वाचतात. नंतर ती आपोआप जागेवर येते.

चाक हलवून पाहताना ही स्प्रिंगही थोडी हलते. नवशिक्याला वाटतं, हाच चोर! मग तो स्प्रिंग काढून तिथे एकसंध धातूची दांडी बसवतो. चाक अगदी ताठ उभं राहतं. आणि पुढच्याच धडकेत सर्वोचे दाते जातात. आता स्प्रिंग खरोखर मऊ पडली असेल, तर जरा कडक स्प्रिंगचा सर्वो सेव्हर जरूर घ्या. अगदी काढून मात्र टाकू नका.

धडकेत किती जोर असतो म्हणाल? ट्रक ताशी ३६ किलोमीटरने पळतोय, म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने भिंतीवर आपटणं म्हणजे तोच ट्रक साधारण ५ मीटर उंचीवरून खाली टाकणं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्याहूनही थोडं वरून! वेग निम्मा केला, ताशी १८ किलोमीटर, तर उंची किती? निम्मी नाही, पावपट. सव्वा मीटर, म्हणजे टेबलापेक्षा जरा उंच. वेग अर्धा केला की धक्का चौथाई होतो. पार्ट वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मग ॲल्युमिनिअम घ्यायचं की नाही?

ज्या भागात खिळी नेमकी बसून फिरायला हवी, तिथे धातू चांगला. नकल किंवा बेलक्रँक ॲल्युमिनिअमचा असेल तर भोक लवकर मोठं होत नाही. पण चाकाला ट्रकशी जोडणारे जे लांब हात असतात, ते नायलॉनसारख्या चिवट प्लॅस्टिकचेच बरे. प्लॅस्टिक वाकतं आणि परत सरळ होतं. ॲल्युमिनिअम जोराने वाकलं की वाकलेलंच राहतं. किंवा वाकत नाही, आणि सगळा धक्का पुढच्या भागाकडे ढकलतं. हात शाबूत, पण तो जिथे जोडलेला आहे ती ट्रकची चौकटच फुटली, असं होऊ शकतं. हात स्वस्त, चौकट महाग! शिवाय त्याच आकाराचा ॲल्युमिनिअमचा तुकडा नायलॉनच्या तुकड्यापेक्षा दुपटीहून जड असतो.

धातूत जाणारे स्क्रू थरथरून सैल होतात. त्यांच्या आट्यांना थोडंसं थ्रेडलॉक लावतात. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते लावू नका. काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

जपानच्या एका ट्रकची गोष्ट

सुधारणा म्हणजे मजबूत भाग बसवणं एवढंच नव्हे, याचं एक छान उदाहरण सांगतो. जपानमधल्या शिझुओका शहरात टामिया ही कंपनी आहे. तिने आपली पहिली रिमोटची मोटार १९७६ मध्ये काढली. १९८७ मध्ये तिने 'क्लॉड बस्टर' नावाचा राक्षसी चाकांचा ट्रक आणला. त्याला दोन मोटरी, पुढच्या आसाला एक आणि मागच्या आसाला एक. शिवाय चारही चाकं वळणारी! मुलं काय, मोठी माणसंसुद्धा त्याच्यावर खूश झाली.

पण त्याच्या स्टिअरिंगबद्दल छंदवाल्यांची नेहमी कुरकुर असे. सर्वो होता वर चौकटीवर आणि चाकं खाली आसावर. मध्ये लांबलचक सळया. ट्रक खड्ड्यात उसळला की आस वर-खाली होई, सळया तिरप्या होत, आणि कुणी रिमोटला हात न लावताही चाकं थोडी वळत. मग छंदवाल्यांनी काय केलं? जाड सळया घालून भागलं नाही. त्यांनी सर्वोच उचलून खाली आसावर बसवला. आता आस उसळला की सर्वोही त्याच्याबरोबर उसळतो. मधल्या सळया आणि सांधे गळाले. कानगोष्टींच्या रांगेतली मुलंच कमी केली म्हणा ना!

जोडून झाल्यावर

सर्वोची सळई तात्पुरती सोडवा आणि चाकं हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कुठे अडकायला नको. मग सळई जोडून रिमोटने पूर्ण वळवा. शेवटच्या टोकाला सर्वो 'गूंऽऽ' करत राहिला, तर तो पुढे जाण्यासाठी उगीच झगडतोय असं समजा. रिमोटवरून त्याची मर्यादा थोडी कमी करा.

नंतर दोन्ही पुढच्या टायरांमधलं अंतर पुढच्या कडेला मोजा आणि मागच्या कडेलाही मोजा. दोन्ही जवळजवळ सारखं हवं. फरक असेल तर दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवून तो काढा.

पूर्ण वळवल्यावर एक चाक जास्त वळलेलं दिसेल. तो दोष नाही, बरं का! वळणाच्या आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून आतल्याने जास्त वळायला हवं. ही युक्ती मोटारीपेक्षाही जुनी आहे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने १८१७ च्या सुमारास ती घोडागाडीसाठी काढली. लंडनमधल्या ॲकरमनने १८१८ मध्ये तिचं इंग्लंडमधलं पेटंट घेतलं, आणि नाव पडलं ते ॲकरमनचं! तुमच्या हातातल्या ट्रकमध्ये दोनशे वर्षांपूर्वीची घोडागाडी लपलेली आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं की "मोडशील हं!" असं आपल्या तोंडून पटकन निघतं. त्याऐवजी एक ताटली द्या, काढलेले स्क्रू क्रमाने ठेवायला. बॅटरी चार्ज करताना मात्र जवळ थांबा, आणि ट्रक रहदारीच्या रस्त्यावर नेऊ देऊ नका. नवा पार्ट मागितला तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "ढिलाई किती मिलिमीटर होती? कुठल्या सांध्यात? हा भाग बदलला तर पुढचा धक्का कोण सोसणार?" एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहिलेली असतील तर तो पार्ट खुशाल घेऊन द्या. पैसे योग्य ठिकाणी गेले असं समजा.

घरचा अभ्यास

तर मुलांनो, पुढच्या अंकापर्यंत एक काम. घरात, शाळेत किंवा शेतावर अशा आणखी तीन वस्तू शोधा, ज्यांच्यातला एखादा स्वस्त भाग स्वतः मोडून, वितळून किंवा घसरून महागडा भाग वाचवतो. कुकर आणि फ्यूज मी सांगितलेत, ते धरायचे नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे लावायची अवजारं ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी तिथे जरूर डोकवावं. एखादा बोल्ट मुद्दाम बारीक का आहे, ते घरच्यांना विचारा. आणि उत्तर पाठवताना भागाच्या नावाबरोबर तो कुणाला वाचवतो, तेही लिहा.

लागा कामाला!